अण्णांच्या नोंदवह्या : प्रकल्प नोंदी

12 जानेवारी 2025

आजपासून कामाला सुरुवात केली. अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, जाऊन दोन महिने झाले आहेत. मुलुंडच्या घरातल्या माळ्यावरची हिरवी लोखंडी ट्रंक धाकट्या भावाने खाली उतरवली. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले अण्णांचे नाव आणि हुद्दा आता पुसट झाले आहेत, पण बोटाने चाचपले की अक्षरे लागतात. ट्रंक उघडल्यावर आधी यादी केली, कारण त्यांनीही हेच केले असते. लष्करातल्या 5 नोंदवह्या, महानगरपालिकेच्या जल खात्यातल्या 36 नोंदवह्या, 63 पत्रे, गुंडाळी केलेले 14 नकाशे, एक होकायंत्र, कातडी वेष्टणातला पोलादी टेप आणि बिस्किटांच्या डब्यात रुमालात बांधलेली दोन पदके : समर सेवा तारा 1965 आणि रक्षा पदक 1965.

वर्षश्राद्धापर्यंत घरच्या माणसांसाठी शंभरेक पानांचे पुस्तक तयार करायचे, असे भावाने आणि मी ठरवले आहे. आमच्या मुलांना आजोबा माहीत आहेत ते खिडकीशी बसून शब्दकोडे सोडवणारे. त्याआधीचा माणूस या ट्रंकेत आहे आणि तो आता विचारून कळणार नाही.

19 जानेवारी 2025

पुस्तकाचे तीन भाग करायचे असा आराखडा केला : घर, लष्कर, अभियांत्रिकी. शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवल्यामुळे कोणत्याही विषयाची आधी विभागणी करण्याची सवय हाताला आहे. प्रत्येक वहीला क्रमांक दिला. ल-1 ते ल-5 आणि ज-1 ते ज-36. प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून त्याच क्रमांकाने साठवायचे काम भावाच्या मुलीने अंगावर घेतले आहे.

2 फेब्रुवारी 2025

बालपणाचा भाग आत्याकडून लिहून घेतला. अण्णांचा जन्म 1940 चा, लालबागच्या चाळीतला. अण्णांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, परळच्या गिरणीत साचे सांभाळत. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत सात माणसे राहत. मजल्यावर एकच नळ होता आणि पाणी पहाटे चारला येई. रांगेत हंडा-कळशी लावण्याचे काम अण्णांकडे होते. आत्या म्हणाली, “तो नळाखाली कळशी लावायचा आणि आकडे मोजत बसायचा. किती मोजल्यावर भरते ते रोज भिंतीवर कोळशाने लिहायचा. आई ओरडायची, भिंत काळी केली म्हणून.” धार बारीक असेल त्या दिवशी आकडा मोठा येई, आणि आज खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडून ठेवला आहे, हे तो वरूनच सांगे.

शिष्यवृत्तीवर माटुंग्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मिळाला आणि 1962 मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी हाती आली. त्याच वर्षी 26 ऑक्टोबरला चीनच्या आक्रमणामुळे देशात आणीबाणी जाहीर झाली आणि लष्कराला तातडीने अधिकारी हवे होते. आजोबांना न विचारता अण्णांनी अर्ज केला. घरात त्यावरून आठ दिवस अबोला होता, एवढेच आत्याला आठवते.

16 फेब्रुवारी 2025

आज हातून एक चूक घडली आणि तिचे फार वाईट वाटते आहे. पत्रांच्या प्रती काढण्यासाठी स्टेशनबाहेरच्या एका दुकानात सहा पत्रे दिली होती. सूचना नीट न ऐकता तिथल्या मुलाने एका पत्राला थेट प्लास्टिकचे गरम वेष्टण घातले. ऑक्टोबर 1965 चे निळे आंतर्देशीय पत्र होते ते. उष्णतेने शाई पसरली आणि खालच्या चार ओळी गेल्या. पत्रे दुसऱ्याच्या हाती द्यायलाच नको होती. यापुढे मूळ कागद घराबाहेर जाणार नाही आणि सगळी छायाचित्रे खिडकीच्या उजेडात घरीच काढली जातील.

संध्याकाळी आईजवळ बसून बाकीची पत्रे वाचली. आईचे वय आता 79. लग्न मे 1965 मध्ये दादरला झाले, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पंचवीस दिवसांच्या रजेतले चौदा दिवस झाले आणि परत बोलावल्याची तार आली. त्यानंतरची सारी पत्रे ‘मार्फत 56 एपीओ’ या लष्करी टपाल कार्यालयाच्या पत्त्यावरून येत. त्यांत गावाचे नाव कधीच नसे. युद्ध सुरू झाल्यावर पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा चाळीत सोमवारी रात्री एकही चूल पेटत नसे. आई तेव्हा गरोदर होती आणि सासू तिला हट्टाने पेलाभर दूध देत असे. तरी तिनेही सोमवार पाळला, ही गोष्ट तिने मला आज पहिल्यांदाच सांगितली.

22 फेब्रुवारी 2025

आज माझा वाढदिवस. दर वर्षीप्रमाणे आई म्हणाली, “हे काही तुझ्या बारशाला पोहोचले नाहीत.” एकोणसाठ वर्षांत हे वाक्य बदललेले नाही. अण्णा असताना ते यावर काही बोलत नसत आणि हातातले वर्तमानपत्र थोडे वर धरत. आज ते वाक्य हवेतच राहिले.

9 मार्च 2025

लष्करी वह्यांचे वाचन सुरू केले. मद्रासच्या अधिकारी प्रशिक्षण शाळेनंतर अण्णांचे अभियंत्याचे शिक्षण पुण्याजवळ दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले आणि पुढे त्यांची नेमणूक खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधील, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातील, एका फील्ड कंपनीत झाली. ल-1 आणि ल-2 जवळजवळ पाठ्यपुस्तकासारख्या आहेत. सुट्या चौकटी जोडून उभारायच्या बेली पुलाची आकृती सुबक काढलेली आहे : एक चौकट 10 फूट लांब, 5 फूट उंच, वजन 577 पौंड, उचलायला सहा माणसे. त्याखाली पेन्सिलीने लिहिले आहे, ‘सहावा माणूस नेहमी बुटका निघतो, त्याला मधे घ्यावे.’ सगळ्या पाच वह्यांत स्वतःच्या निरीक्षणाचे म्हणता येईल असे हे पहिलेच वाक्य.

याच वहीत रामा राघोबा राणे यांच्याबद्दल अर्धे पान आहे. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर शत्रूच्या माऱ्याखाली चार दिवस सुरुंग काढत आणि अडथळे हटवत रणगाड्यांना वाट करून देणारा हा बॉम्बे सॅपर्सचा अधिकारी पुढे परमवीर चक्राचा मानकरी ठरला. अण्णांनी पराक्रमाबद्दल एक विशेषणही वापरलेले नाही. राणे यांनी कामाचा क्रम कसा लावला, एवढेच त्यांनी टिपले आहे.

ल-3 मध्ये भूसुरुंगांची नोंद कशी ठेवायची ते आहे, आणि ते मला दोनदा वाचावे लागले. सुरुंग पेरणे हे अर्धेच काम असते. जमिनीवरची एक न हलणारी खूण निवडायची, म्हणजे विहीर, मैलाचा दगड किंवा पक्क्या घराचा कोपरा. तिथून होकायंत्राने दिशा घ्यायची आणि टेपने अंतर मोजायचे. पहिली रांग कुठे सुरू होते, कुठे वळते, एका रांगेत किती सुरुंग आहेत, दोन सुरुंगांत किती अंतर आहे, हे सारे लिहायचे. ज्याने पेरले तोच काढायला येईल याची खात्री नसते, म्हणून नोंद अशी हवी की कधीही न पाहिलेल्या माणसाला ती वाचून चालत जाता यावे. अण्णांनी या परिच्छेदाखाली दोन रेघा ओढल्या आहेत.

ल-4 ची मागची काही पाने ओल लागून एकमेकांना घट्ट चिकटली आहेत. जबरदस्ती केली नाही.

23 मार्च 2025

ल-4 मधली उघडणारी पाने वाचून झाली. सप्टेंबर 1965. गावांची नावे नाहीत, पण तारखा आहेत, आणि अण्णांनी एकदाच, मी कॉलेजात असताना, खेमकरणचे नाव घेतले होते. पंजाबातल्या खेमकरणजवळ असल उत्तर येथे 8 ते 10 सप्टेंबर या काळात रणगाड्यांची मोठी लढाई झाली. पाकिस्तानकडे अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे होते. मेजर जनरल गुरबक्षसिंग यांच्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चेबांधणी केली आणि उसाच्या शेतांत पाणी सोडून जमीन दलदलीची केली. पॅटन चिखलात रुतले. चौथ्या ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने एकामागून एक रणगाडे उडवले आणि 10 सप्टेंबरला त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. लढाईनंतर भिखीविंडजवळ इतके पॅटन गोळा झाले की त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले.

अण्णांच्या वहीत त्या दिवसांच्या पाच ओळी आहेत. ‘रांगा 1 ते 6 पुऱ्या. पाणी 0210 ला सोडले. पहाटेपर्यंत शेतात पाऊण फूट. जमीन मऊ, बूट घोट्यापर्यंत. रांग 4 व 5 पाण्याखाली, नोंदीत लिहिले.’ पुढे दोन पाने कोरी आणि मग एकदम पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा हिशेब.

या वहीत मी अण्णांना शोधत होते आणि मला फक्त जमिनीचा मऊपणा सापडला. त्या रात्री त्यांना भीती वाटली का, शेजारी कोण होते, कोण राहिले नाही, याची एकही ओळ नाही. सगळीकडे ‘आम्ही’ हाच कर्ता आहे, तोही क्वचितच. आज मी जरा खट्टू झाले, हे इथे लिहून ठेवते.

20 एप्रिल 2025

लष्करातून 1968 मध्ये मोकळे झाल्यावर अण्णा मुंबई महानगरपालिकेच्या जल खात्यात लागले आणि तीस वर्षांनी, 1998 मध्ये निवृत्त झाले. या 36 वह्यांचे वाचन एका बैठकीत होणार नाही, पण त्यांचा घाट लक्षात आला. सुरुवातीची वर्षे अप्पर वैतरणाच्या कामाची आहेत. ते धरण 1973 मध्ये पुरे झाले. ज-9 पासून भातसाचे पाणी पिसे येथे उचलून शहराकडे आणण्याच्या योजनेचे हिशेब येतात, आणि मग भांडुप संकुल, जिथे आज जुन्या केंद्रातच रोज 191 कोटी लिटर पाणी शुद्ध होऊ शकते. मुंबईकराच्या मोरीतल्या नळाला येणारे पाणी शंभर किलोमीटरवरून, बरेचसे अंतर केवळ उताराच्या जोरावर चालत येते. लहानपणी आम्हाला आगगाडीतून आसनगाव, आटगाव दाखवताना अण्णा डोंगरापेक्षा रुळांशेजारून पळणाऱ्या जलवाहिनीकडे बोट करत आणि “हे 72 इंची तानसाचं” अशी तिची ओळख करून देत.

पण वह्यांचा मोठा भाग धरणांचा नाही, चाव्यांचा आहे. रस्त्याखालच्या जलवाहिनीवर जे झडपेचे यंत्र असते त्याला खात्यात चावी म्हणतात, आणि ती ठरल्या वेळी उघडणाऱ्या-मिटणाऱ्या माणसाला चावीवाला. मुंबईत चोवीस तास पाणी नसते. कोणत्या गल्लीला किती वाजता आणि किती दाबाने पाणी मिळावे, हे चावी किती आटे फिरवली यावर ठरते. अण्णांनी प्रत्येक चावीची जागा दोन पक्क्या खुणांपासून मोजून लिहिली आहे. एक नमुना ज-17 मधून उतरवते : ‘शाळेच्या फाटकाच्या उजव्या खांबापासून 14 फूट 3 इंच. पिंपळाच्या बुंध्याच्या मध्यापासून 22 फूट. खोली 3 फूट. आटे 26. उलटी फिरते, सांभाळून.’ दोन खुणांभोवती त्या त्या अंतराचे दोन कंस काढले की जिथे ते छेदतात तिथे चावी. मी सातवीच्या मुलांना हेच शिकवत असे आणि माझ्या वडिलांनी ते काम आयुष्यभर केले, हे मला ठाऊक नव्हते.

ज-17 बाजूला ठेवून ल-3 पुन्हा काढली. पद्धत तीच आहे. खूण, दिशा, अंतर, संख्या.

11 मे 2025

कळव्याला जाऊन अण्णांच्या हाताखाली काम केलेल्या एका निवृत्त मुकादमांना भेटले. ते चावीवाला म्हणून लागले होते आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. त्यांनी सांगितलेला प्रसंग त्यांच्याच शब्दांत लिहून घेतला.

“ताई, पावसाळ्याच्या तोंडाला एक मोठी लाईन फुटली. पाणी बंद करायला चावी लागते, आणि चावीवर डांबराचे थर चढलेले. दरवर्षी रस्ता वर येतो ना. झाकण कुठं दिसेना. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, चाळीस फूट चर मारतो, कुठंतरी लागेल. साहेब आले रात्री दोनला, छत्री नाही, काखेत वही प्लास्टिकात गुंडाळलेली. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, एक त्या दुसऱ्या पोऱ्याच्या. खडूनं रस्त्यावर फुली मारली, पावसात खडू टिकेना, मग वीट ठेवली. म्हणाले, इथं दोन फूट. आम्ही खणलं, आणि पहार झाकणावर वाजली. साहेब हसले बिसले नाहीत. वहीत नवी खोली लिहिली आणि मग चहा मागवला सगळ्यांना.”

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रात्रीच्या शांततेत गळती शोधायला हे लोक लोखंडी सळईचे एक टोक चावीच्या दांड्याला आणि दुसरे कानाला लावतात. जमिनीखाली पाणी झिरपत असेल तर सळईतून बारीक सू-सू ऐकू येते. अण्णा सळई कानाला लावून डोळे मिटून उभे राहत आणि तेव्हा कुणी बोललेले त्यांना चालत नसे. मुकादमांनी हातातली काठी तशीच कानाशी धरून दाखवली. मला क्षणभर समोर अण्णाच दिसले, कारण निवृत्तीनंतरही गच्चीवरच्या टाकीच्या नळाला ते असेच स्क्रूड्रायव्हर लावून ऐकत.

15 जून 2025

पाऊस सुरू झाला. हवेतल्या दमटपणाने ज-22 ला बुरशी धरू लागली, म्हणून सर्व वह्या टीपकागद घालून कपाटाच्या वरच्या खणात हलवल्या. छायाचित्रे ज-30 पर्यंत झाली.

20 जुलै 2025

आजचे काम थोडेच झाले, पण एक आठवण नोंदवायची आहे. 18 जुलै 2021 रोजी अतिवृष्टीचे पाणी भांडुप संकुलात शिरले, यंत्रणा बंद पडली आणि मुंबईच्या बहुतेक भागांचे पाणी थांबले. अण्णा तेव्हा 81 वर्षांचे होते. सकाळी बातमी ऐकताच त्यांनी मला कागद-पेन्सिल आणायला सांगितली आणि पंपांच्या मोटारी कोणत्या पातळीवर आहेत, पाणी उपसून त्या कोरड्या करायला किती वेळ लागेल, याचे गणित मांडले. ते कुणाला कळवायचे नव्हते, कुणी विचारलेही नव्हते. दुपारी मी आईला म्हटले, “अण्णांना झोपायला सांग.” आई म्हणाली, “पाणी आल्याशिवाय ते झोपायचे नाहीत.” नळ गळू लागल्याचा आवाज आला तेव्हा ते उठले, पेलाभर पाणी उजेडाकडे धरून पाहिले, आणि उकळून प्या म्हणून सगळ्यांना सांगून आडवे झाले.

10 सप्टेंबर 2025

ग्रंथालयात कागद-संवर्धनाचे काम केलेल्या एका परिचित बाई आज घरी आल्या आणि त्यांनी हाडाच्या पातळ पातीने ल-4 ची चिकटलेली पाने तीन तास खपून एकेक सोडवली. सात पाने निघाली. पाच कोरी. उरलेल्या दोन समोरासमोरच्या पानांवर पेन्सिलीने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा उतरवते. काळ 1966 चा आहे. 10 जानेवारीला ताश्कंद करार झाला होता, सैन्ये मागे घेतली जात होती, आणि पेरलेले सुरुंग काढून शेते मालकांना परत करायची होती.

‘24 फेब्रु. तार आली. मुलगी. दोघी सुखरूप. रजा मंजूर, 2 मार्चपासून.
28 फेब्रु. रांगा 1, 2, 3 मोकळ्या. संख्या जुळली.
1 मार्च. रांग 4. पेरले 31. काढले 30.
2 मार्च. रांग 4. 30. शोध चालू. रजा पुढे ढकलली. शेताचा मालक बांधावर येऊन बसतो. औत कधी घालू विचारतो. बरोबर दोन मुले असतात.
3 मार्च. 30. नोंद बरोबर आहे. जमीन बदलली आहे.
4 मार्च. 31. मूळ जागेपासून 9 फूट 4 इंच दक्षिणेस. पाण्याने सरकला. शेत मोकळे. मालकाला सांगितले. संध्याकाळी निघतो.’

माझे बारसे 5 मार्च 1966 ला होते. अमृतसरहून निघणाऱ्या फ्रंटियर मेलला मुंबईला पोहोचायला दोन रात्री लागत.

यापुढे आज काही लिहिता येत नाही.

12 सप्टेंबर 2025

दोन दिवस विचार करून ती पाने आज आईला वाचून दाखवली. तिची नजर आता पेन्सिलीचे अक्षर लावू शकत नाही. मी ‘काढले 30’ पर्यंत आले तेव्हा तिने मला थांबवले आणि हा कसला हिशेब म्हणून विचारले. मी समजावून सांगितले : एकतीस पेरले होते, तीसच सापडले, आणि उरलेला एक कुठेतरी त्या शेतात होता. तिने पुढचे वाच म्हटले. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर ती बराच वेळ हातातल्या जपमाळेचा मणी न सरकवता बसून राहिली.

मग म्हणाली, “मी विचारलं होतं ना त्यांना. तेव्हाच विचारलं होतं. तर हे म्हणाले, काम होतं. काम तर नेहमीच असायचं गं.” थोड्या वेळाने पुन्हा, “त्या माणसाची दोन मुलं होती म्हणतेस?”

मी होय म्हटले.

“वाच परत. चार तारखेचं तेवढंच वाच.”

मी वाचले. तिने ते तीनदा वाचायला लावले.

एखाद्या स्त्रीला तिच्या पहिल्या मुलीच्या बारशाला नवरा न येण्याचे कारण साठ वर्षांनी कळावे, आणि तेही तो गेल्यावर, याचे दुःख मला आज अण्णांच्या वतीने वाटले. ते सांगू शकले असते. दुसऱ्याच कुणा अधिकाऱ्याकडे नोंद सोपवून निघूही शकले असते, कारण नोंद तर त्याचसाठी ठेवतात. पण पाण्याने जमीन बदलली होती आणि ते पाणी सोडताना हजर असलेला माणूस तेच होते. ते त्या शेतावर का थांबले, हे मला समजते. ते गप्प का राहिले, हे नाही.

23 सप्टेंबर 2025

1965 चे युद्ध थांबले त्याला आज साठ वर्षे झाली. पुस्तकाचा आराखडा मोडून नव्याने बांधला. घर, लष्कर आणि अभियांत्रिकी असे तीन भाग मी जानेवारीत केले होते, पण त्या दोन पानांवर तार, सुरुंग आणि पाण्याने सरकलेली माती एकाखाली एक आहेत, आणि ती कोणत्या भागात घालायची याचे उत्तर मिळेना. तीन भाग माझ्या सोयीचे होते. आता वह्यांचा क्रम तोच पुस्तकाचा क्रम राहील. डाव्या पानावर अण्णांची नोंद, जशी आहे तशी, एक शब्दही न भरता. उजव्या पानावर त्याच दिवसांबद्दल जे इतरांना आठवते ते : आईचे, आत्याचे, मुकादमांचे, आमचे. जिथे कुणालाच काही आठवत नाही तिथे उजवे पान कोरे राहील. भावाला आधी हे अपुरे वाटले. ल-4 चे छायाचित्र पाहिल्यावर तो म्हणाला, “ताई, असंच असू दे.”

12 ऑक्टोबर 2025

ज-17 मधली ती चावी भावाबरोबर जाऊन पाहिली. पहाटे सहाला गेलो, म्हणजे रहदारी नसते. पिंपळ आहे, पण बुंधा दुपटीने वाढला आहे. मध्य कुठे धरायचा यावर आमची चर्चा झाली. शाळेचे फाटक नवे आहे, उजवा खांब मात्र जुन्या दगडी पायावर आहे. भावाने खांबाशी टेपचे टोक धरले, मी 14 फूट 3 इंचांवर खडूने कंस काढला, मग पिंपळापासून 22 फुटांचा दुसरा. जिथे ते छेदले तिथे साधे डांबर होते. मात्र एका हाताच्या अंतरावर लोखंडी झाकणाची कड वर आलेली दिसली. म्हणजे चावी अजून त्याच जागी आहे. झाकणाला आम्ही हात लावला नाही. मी वाकून झाकणावर तळहात ठेवावा असे फार वाटले होते, पण तेवढ्यात दूधवाला आला.

पिंपळाचा बुंधा वाढल्याची टीप उजव्या पानावर घेतली.

9 नोव्हेंबर 2025

छपाईला देण्यापूर्वीची प्रत आईसमोर ठेवली. एकूण 118 पाने झाली. तिने भिंग लावून काही पाहिले, काही माझ्याकडून वाचून घेतले, आणि 4 मार्च 1966 च्या पानावर येऊन थांबली. उजवे पान मी कोरे ठेवले होते, कारण तिने त्या दिवशी जे सांगितले ते छापायचे की नाही हे तिलाच ठरवायचे होते. तिने पेन मागितले. तिचा हात आता थरथरतो, म्हणून मी वहीखाली पाट धरला. अण्णांच्या ओळींसारख्या तुटक ओळी तिने लिहिल्या. त्या तिच्या अक्षरातच छापणार आहोत.

‘7 मार्च. सकाळी. हे आले. हातात ट्रंक. दाढी वाढलेली. नखांत माती होती. मुलीला घेण्याआधी नळावर गेले, हात धुतले, परत धुतले. मग घेतली.’